बुद्धाला घातलेला अभिषेक

बुद्धाचं नाक माझ्या हातून वाहून गेलं. द्वेषानं नव्हे, भक्तीनं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात आमच्या घरामागं एका मूर्तिकाराची शेड होती. हातकणंगल्याकडच्या एका विहारासाठी तो शाडूत ध्यानस्थ बुद्ध घडवत होता. चेहरा झाला होता. रविवारी गावकरी बघायला येणार, पसंत पडला तरच काम पुढं जाणार. मध्येच त्याला मलकापूरला लग्नाला जावं लागलं. "भाऊ, वरची फडकी तेवढी ओली ठेवा. माती वाळली की तडकती," एवढं सांगून तो गेला.

आमचं घराणं शंकराचं. हात लहानपणापासून पिंडीवर धार धरायला शिकलेला. सकाळी अंघोळ करून गेलो. देवाला झाकून पाणी कसं घालायचं, म्हणून फडकं काढलं आणि मस्तकावर तांब्या ओतला. मंत्र संपेपर्यंत नाक हनुवटीवर आलं होतं.

शनिवारी तो परतला. मी कबुली दिली आणि गल्लीला ऐकू जातील अशा शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. त्यानं चेहऱ्याकडं पाहिलं आणि मांडी घालून डोळे मिटले. मला वाटलं, भोवळ आली.

"पाणी आणू?"

"आता पाणी नगं," डोळे न उघडता तो म्हणाला. "बसा की गप."

बसलो. पाच मिनिटांत माझ्या पायाला मुंग्या आल्या आणि तीन सबबी सुचल्या. तो मात्र श्वासाशिवाय हललाच नाही. कामाआधी तो रोज असा बसायचा. इतकी वर्षं मी समजत होतो, डुलकी काढतोय.

अर्ध्या तासानं उठून त्यानं मातीला हात घातला. संध्याकाळी मागं सरकून म्हणाला, "आधीचा झोपलावता. ह्यो जागा हाय."

खरंच! पापण्या तशाच मिटलेल्या, पण आत कुणीतरी लख्ख जागं होतं. ओल्या मातीत हे कुठून आणलं, मला आजही कळलेलं नाही.

रविवारी गावकरी दारातूनच ओरडत आले, "कुठाय मूर्ती?" आणि समोर येताच हात जोडून उभे राहिले. त्यांच्यातली एक म्हातारी चपला काढून खालीच बसली. पसंत आहे का, हे विचारायची गरज उरली नाही.

बायकोही बघायला आली होती. आम्ही घरी परतलो. दाराचं कुलूप काढताना म्हणाली, "अर्धा तास गप्प बसून त्यांनी बुद्धाचं तोंड सुधारलं. तुम्हीही बसत जा रोज. बघू, तुमचं सुधारतंय का."