डाव्या चाकाचा दोरा

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण गेल्या वर्षी जवळजवळ तीन महिने मी तिच्याशी नीट बोलत नव्हते. कारण ऐकून हसाल. माझ्या जुन्या गाडीत स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागला होता, तो काही केल्या विझत नव्हता, आणि त्या दिव्यापायी आईचं गावाकडच्या मायाक्कादेवीचं दर्शन अडलं होतं.

आम्ही मूळचे चिकोडीकडचे. नोकरीमुळे मी बेंगळुरूत राजाजीनगरला राहिले, आणि बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं. तिला काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद: डोळ्यांत उजेड आहे तोवर चिंचलीच्या मायाक्काला एकदा डोळे भरून बघू दे. गुडघ्यांमुळे तिला बस-रेल्वेच्या पायऱ्या चढवत नाहीत. भाड्याची गाडी करू म्हटलं तर म्हणे, परक्याला घाई असते, मला वाटेत दहादा उतरावं लागतं. म्हणून मी बारा वर्षं वापरलेली एक गाडी घेतली. दसऱ्याच्या आयुधपूजेला चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आईने मायाक्काच्या नावाचा हळदीचा दोरा हातात दिला, चाकापाशी बांध म्हणाली. मी वाकून चाकामागे हात घातला आणि हाताला लागेल तिथे गच्च बांधून टाकला.

पंधरा दिवसांत एबीएसचा दिवा लागला. ब्रेक जोरात दाबला तरी चाकं अडकू न देणारी ती यंत्रणा बंद पडली होती. एक मेकॅनिक म्हणाला, साधे ब्रेक लागतात ना, मग बिनधास्त चालवा. दुसऱ्याने तपासणीचं मशीन न लावताच सांगितलं की युनिटच गेलंय, आणि या मॉडेलचं आता मिळणार नाही. तिसऱ्याने विचारलं, दिवाच काढून टाकू का? ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार! मग एका सकाळी होसकोट्याला कामावर जाताना ओल्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडी घसरत दुभाजकाला जाऊन टेकली. कुत्रं वाचलं, मीही वाचले. पण आईला शेजारी बसवून इतक्या लांब जायचं धाडस काही उरलं नाही.

आई रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. रोज संध्याकाळी ती देव्हाऱ्यातला मायाक्काचा फोटो डोळ्यांजवळ धरून बसायची. एकदा मी पाहिलं, फोटो उलटा होता आणि ती तसाच बघत होती. मी तो सरळ करून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्याच दिवशी कामावरून परतताना पुढचं डावं चाक पंक्चर झालं. मी रस्त्यात उभी राहून देवीला मोठ्याने विचारलं, अजून काय काय बाकी ठेवलंयस ते एकदाच दाखव. जवळच्याच दुकानात चाक उतरवलं. तिथे स्कूटरमध्ये हवा भरायला आलेले एक वयस्क गृहस्थ वाकून आत बघू लागले. बोलले ते बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरांतलं कन्नडमिश्रित मराठी. गाड्यांच्या वायरिंगचं काम करण्यात त्यांची हयात गेली होती. मी दिव्याचं सांगितल्यावर त्यांनी स्कूटरच्या डिकीतून मीटर काढलं, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरला लावलं आणि ती वायर स्वल्प हलवली. आकडा येई आणि जाई. मग त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. माझा हळदीचा दोरा त्या वायरला स्प्रिंगशी आवळून बसला होता. दर वळणाला वायर ताणली जाऊन आतल्या आत तुटली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसले नाहीत. गाठ सावकाश सोडवून तो दोरा त्यांनी कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. "दोरा देवीचाच आहे, अक्का," ते म्हणाले. "बांधायची जागा तेवढी चुकली."

युनिट ठीक आहे, फक्त सेन्सर बदला, एवढं सांगून ते निघून गेले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. नवा सेन्सर बसवला, मशीन लावून बिघाडाची जुनी नोंद पुसली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो दिवा विझला. पंक्चर व्हावं ते नेमकं तेच चाक, आणि नेमके त्याच वेळी ते तिथे असावेत. योगायोग म्हणा हवं तर, मी वाद घालणार नाही. ते जिथे असतील तिथे सुखी असोत, असं मी रोज म्हणते.

त्याच आठवड्यात शनिवारी आम्ही निघालो. चिंचलीला आईला हाताला धरून मूर्तीसमोर उभं केलं. तिने मायाक्काकडे टक लावून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मागे रांग खोळंबली, आणि माझा पारा चढला. एवढ्या लांबून आणलं ते कशासाठी?

"आई, बघून घे की."

"बघितलं की गं. आता डोळं मिटून दिसती का, ते बघते."

मी हळूच विचारलं, दिसली का? तिने होकाराची मान डोलावली, माझा हात सोडला आणि दोन्ही हात जोडले. आईची नजर राहू दे, एवढंच मागायला मी आले होते, पण ते तोंडातून निघेना. जन्मभर मी देवीला काय काय करायचं ते सांगत आले. त्या दिवशी एवढंच म्हणाले, बाई, आता तुझं तू बघ.