हुन्नर एक, खोट एक

माणसांच्या गुणांवर भाळणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण समोरच्याची खोट कळली की ज्यांचा चेहरा खुलतो असे सबंध बुलढाण्यात आमचे भाऊजी एकटेच. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कचेरीत कारकून. नवं मराठी राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मला इथल्या शाळेत मास्तरकी लागली आणि मी ताईकडे राहायला आलो. पहिल्याच दिवशी पानावर बसता बसता त्यांनी विचारलं, "तुह्यात काय कमी आहे रे, मास्तर?" मी गडबडलो. गणित कच्चं आहे, असं कसंबसं म्हणालो. "वा," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी माझ्या भाकरीवर आपल्या हातानं लोणी वाढलं.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांनी स्वतः रचलेला एक खेळ होता. त्याचं नाव मोहीम. रविवारी जेवणं उरकली की ओसरीवर सतरंजी पडायची, मधोमध कॅरमचा बोर्ड पालथा, आणि त्यावर खडूनं काढलेले डोंगर, नदी, किल्ला. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. कोणी सरदार, कोणी हेर, कोणी वैद्य. प्रत्येक सोंगाला एक हुन्नर आणि एक खोट. भाऊजी गोष्ट सांगत पुढे न्यायचे. "समोर नदी आली, नाव नाही, काय करता?" आपण जे करू म्हणू ते साधलं की फसलं, हे फोडलेले चिंचोके टाकून, पांढऱ्या बाजू किती वर पडल्या त्यावरून ठरायचं. काम हुन्नराचं असेल तर टाकायला चिंचोके जास्त मिळत, खोटीचं असेल तर कमी. माझ्या हेराला त्यांनी गणिताचीच खोट दिली आणि शत्रूची माणसं मोजायला नेमकं मलाच पाठवलं. माझ्या आकड्यांवर विसंबून आमच्या फौजेनं फार मार खाल्ला. ताई दरोडेखोरीण झाली. खोट विचारल्यावर पापड लाटता लाटता ती म्हणाली, "लिहा, नवरा ऐकत नाही." भाऊजींनी ती गंभीरपणे मान्य केली. मग ती कुठंही धाड घालायला निघाली की तिचा खेळातला नवरा भलत्याच वाटेला लागे आणि त्याला शोधण्यात तिची दुपार जाई.

बोर्ड उचलला तरी भाऊजींचा खेळ संपत नसे. पुतणीसाठी चिखलीचं एक स्थळ आलं, तेव्हा त्यांनी मुलाला त्याची खोट विचारली. "तशी काही नाही," मुलगा म्हणाला. भाऊजी चहा अर्धा टाकून उठले. पुढच्या मुलानं मान खाली घालून सांगितलं, "मले झोप फार येते." भाऊजींनी तिथल्या तिथं सुपारी फोडायला लावली. लग्नात मंगलाष्टकं लांबली आणि नवरदेव अंतरपाटाआड उभ्या उभ्या पेंगला. सगळा मांडव कुजबुजत असताना त्याच्याकडे कौतुकानं पाहणारे भाऊजी एकटेच. संसार मात्र छान झाला दोघांचा.

त्यांचं पटलं नाही ते फक्त शेजारच्या वकीलसाहेबांशी. वकीलसाहेबांचा आवाज खणखणीत, मिशी भरदार, कोर्टात दरारा. ते सरदार झाले, पण खोट घ्यायला तयार होईनात.

"माह्या सरदाराले खोट नाही."

"मग त्याले खेळता येत नाही, साहेब," भाऊजी म्हणाले.

वकीलसाहेब चपला घालून निघून गेले आणि यायचेच बंद झाले. पुढं त्यांनी कोर्टात जाणंही सोडलं. कंटाळा आला म्हणायचे. आख्खं गाव हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतं, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यावरून ते ज्याच्या त्याच्याशी भांडत. एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, कुंपणापाशी ताईला सांगितलं, "यायले ऐकू येत नाही आता. पण तसं म्हटलेलं खपत नाही." ताईनं ते घरात सांगितलं. त्या रविवारी भाऊजी स्वतः जाऊन वकीलसाहेबांना आणि वहिनींना घेऊन आले.

सतरंजीवर बसल्यावर भाऊजींनी अगदी समोर जाऊन, स्पष्ट आवाजात पुन्हा तेच विचारलं, "सरदाराची खोट?"

वकीलसाहेबांनी बोर्डावरच्या किल्ल्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "लिहा. ऐकू कमी येते."

मला कुठं पाहावं कळेना. भाऊजींनी मात्र घोड्याचा रंग लिहावा तसं ते किल्ल्याशेजारी खडूनं लिहिलं आणि सगळ्यांना बजावलं, "ध्यानात ठेवा. सरदाराशी बोलायचं असन तर समोर बसून मोठ्यानं बोला. नाही तर हुकूम चुकीचा जाईन."

मग काय, आम्ही ओरडू लागलो. हेर ओरडून खबर देई, वैद्य ओरडून काढा पाजी. ताईनं नवरा हरवल्याची फिर्याद अशी केली की रस्त्यावरचे लोक थांबले. वकीलसाहेबांना शब्दन् शब्द कळत होता. कित्येक महिन्यांनी ते मोठ्यानं हसत होते. दुसऱ्या दिवशी वहिनी ताईला म्हणाल्या, "काल यायनं माह्याशी भांडण नाही केलं. घर कसं सुनं सुनं वाटलं."

काही रविवार असेच गेले. मग वकीलसाहेबांनीच विषय काढला. "नागपूरले कानाचं यंत्र भेटते म्हणतात. येता का सोबत?" भाऊजींनी रजा टाकली. दोघं घाट उतरून मलकापूरला गेले, तिथून गाडीनं नागपूरला. परतले तेव्हा वकीलसाहेबांच्या खिशात एक डबी होती आणि तिची तार कानापर्यंत गेली होती. कोर्ट पुन्हा सुरू झालं. रविवारी मात्र ओसरीवर आले की ते यंत्र काढून वहिनींकडे देत. "सरदारापाशी असं यंत्र कुठून असन?" म्हणत. आणि आम्हाला ओरडावंच लागे.

पुढं माझी बदली झाली. वकीलसाहेब गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यानंतर एका सुटीत ताईकडे गेलो तर रविवारच होता. भाऊजींचे केस पांढरे झाले होते, सतरंजीवरची माणसं बरीचशी नवी होती. कचेरीत नव्यानं लागलेला एक कारकून सोंग निवडत होता. "मी सरदार होतो," तो म्हणाला.

भाऊजींचा खडू थांबला. "दुसरं काही घे, बाबू. सरदार बाहेर गेले आहेत."

"कधी येतीन?"

"निरोप नाही आला अजून," भाऊजी म्हणाले, आणि नदी काढू लागले.