हॉलमधला होसूर रोड

“मॅडम, खोटं कशाला बोलायचं?” रंगप्पांनी हाताची घडी घालून विचारलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि माझा पहिला खेळ तिथेच आडवा झाला.

खेळ साधा होता. स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगायच्या आणि एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. अशा खेळांना आम्ही ट्रेनर लोक आइस-ब्रेकर म्हणतो. नव्या माणसांमधला अवघडलेपणा घालवणं, एवढंच त्यांचं काम. पण रंगप्पा बेंगळुरूच्या टोकाला, बोम्मसंद्र्याच्या ज्या फॅक्टरीत मला बोलावलं होतं, तिथले क्वालिटी सुपरवायझर. मापात केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारे. त्यांच्याकडून खोटं वदवून घ्यायला निघालेली मी एक शहाणी!

हॉलच्या एका बाजूला फॅक्टरीची माणसं, दुसऱ्या बाजूला शहरातलं, एचएसआर लेआउटचं ऑफिस बंद झाल्यावर इथे हलवलेले डिझायनर. कॅन्टीनमध्येही यांची टेबलं वेगळी. चहाच्या ब्रेकमध्ये एचआर मॅनेजर रणजितने मला गाठलं. हा मूळचा पुण्याचा.

“मॅम, ती खिडकीजवळची चित्रा. आमची बेस्ट डिझायनर. शुक्रवारी रिझाइन करणार म्हणतेय. येण्याजाण्यातच जीव जातो, त्यात इथे बोलायला कुणी नाही. प्लीज, काहीतरी करा.”

“अहो, खेळाने कुणाची नोकरी टिकते का?”

“ट्राय तर करा!”

चित्रा मांडीवर बॅग घेऊन बसली होती. मला तिची दया आली.

मी पिवळी टेप मागवली. मशिनं असतात त्या भागात चालायच्या वाटा या टेपने आखतात. हॉलभर एक लांब पट्टा चिकटवला. “हा होसूर रोड. हे दार म्हणजे आपली फॅक्टरी. आता आपापल्या घरी जाऊन उभे राहा.”

“स्केल काय?” एका डिझायनरने विचारलं.

“अंदाजे!”

बस्स. रस्त्याचा विषय निघाला की बेंगळुरूचा माणूस गप्प राहत नाही.

“अण्णा, तुम्ही तळ्यात उभे आहात!”

“तळंच होतं ते. आता बुजवून घरांचं लेआउट केलंय!”

“अक्का, स्वल्प सरका, माझी गल्ली दबली.”

मेट्रो बरी की फ्लायओव्हर, यावर दोन्ही गट एकमेकांत मिसळून भांडू लागले. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

टेप संपली तिथे, पार भिंतीला चिकटून, दोघंच उरली. चित्रा आणि रंगप्पा.

“तू इथे कुठे, अम्मा?”

“शिवाजीनगर, सर. मार्केटच्या मागे.” पुण्यासारखं बेंगळुरूलाही शिवाजीनगर आहे.

“अय्यो! मी पण तिथलाच. येतेस कशी?”

“बस, मग दोन मेट्रो, मग ऑटो.”

रंगप्पांनी कपाळावर हात मारला. “आणि मी रोज रिकामी कार घेऊन येतो! उद्यापासून माझ्याबरोबर चल.”

“सरी, सर, येते,” चित्रा म्हणाली आणि मनापासून हसली. मांडीवरची ती बॅग केव्हाच मागे खुर्चीवर राहिली होती.

शुक्रवार उलटून गेल्यावर रणजितचा फोन आला.

“रिझाइन नाही केलं तिने!”

“मग आवाज असा पडलेला का?”

“मॅम, आधी ती उशिरापर्यंत थांबायची. आता शिफ्टचा भोंगा झाला की रंगप्पांच्या कारमध्ये. मीटिंग अर्धी सोडून! रंगप्पा थांबतच नाहीत.”

तेव्हापासून मी कुणाला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणत नाही, ‘घर कुठे’ एवढंच विचारते. आणि एचआरला आधीच बजावते, खेळ जमला तर मीटिंग वेळेत संपवावी लागेल.