आईच्या आवाजाचं व्हर्जन

ऑफिसला निघताना लोक गॅसचा नॉब बंद आहे ना ते बघतात. मी लॅपटॉप उघडून व्हर्जन बघायचे. चप्पल घातलेली, खांद्याला पर्स, ऑफिसच्या लिफ्टला रांग लागलेली असणार हे माहीत. तरी ‘मदत’वर जायचं, ‘याविषयी’ दाबायचं आणि आकडा तीननेच सुरू होतोय हे डोळ्यांनी बघायचं. तीन दिसला की श्वास सोडायचा. आई हसायची मला. हसण्याचा आवाज येत नसे, खांदे तेवढे हलायचे.

आईचा आवाज ऑपरेशनमध्ये गेला. स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या एका इंजिनीअर मैत्रिणीने हे सुचवलं. ऑपरेशनआधी आईला आमच्या भोईवाड्याच्या खोलीत बसवून, पंखा बंद करून, खिडक्या लावून तिच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली. ‘आज बाजारात भेंडी स्वस्त आहे’ असली. आई घामाघूम झाली, दोनदा रागावून उठलीही. पण त्यावरून त्या सॉफ्टवेअरने तिचा आवाज तयार केला. आई एका बोटाने काहीही टाइप करायची आणि लॅपटॉप तिच्या आवाजात ते बोलायचा. अगदी तिचा मालवणी हेल लावून नव्हे, पण आवाज तिचाच. पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मैत्रिणीने एकच तंबी दिली होती. “नवीन व्हर्जन घेऊ नकोस. कंपनीने त्यातून घरच्या माणसाचा आवाज बनवायची सोय काढून टाकलीये. जुनं आता कुठे मिळतही नाही. काय वाट्टेल ते विचारलं तरी ‘नंतर’ दाब.” तेव्हापासून माझा जीव टांगणीला. नवीन व्हर्जन घ्यायचं का विचारणारी चौकट अधूनमधून यायची, मी ‘नंतर’ दाबायचे. आईलाही ते शिकवलं होतं. बाबांना शिकवलं नाही, कारण बाबा त्या लॅपटॉपच्या वाऱ्याला उभे राहत नसत.

दसऱ्याला मी सकाळी फुलं आणायला दादरला गेले होते. परत आले तर बाबांनी पाट मांडलेला. बाबा मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून जमाना झाला, तरी दसऱ्याला घरातली झाडून सगळी यंत्रं पाटावर येतात; मिक्सर, इस्त्री, त्यांची पान्ह्यांची पिशवी. त्या दिवशी लॅपटॉपही होता, उघडा, कडेला कुंकवाचं बोट लावलेलं. पडद्यावर एक गोल फिरत होता आणि खाली लिहिलं होतं, ‘कृपया बंद करू नका.’

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. “बाबा, हे काय केलंत?”

“माका काय तां विचारत होतां, नवीन सुधारणा करू काय? मी हो दिलंय,” बाबा समईची वात सारखी करत म्हणाले. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की मला ओरडताही येईना. मिलमध्ये दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन खोलून, पुसून, तेलपाणी करून, झिजलेला पार्ट बदलून मगच पूजेला लावायचे. मशीन काही मागत असताना तसंच हार घालणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच. आता मशीनने स्वतःहून मागितलं, तर हा माणूस नाही म्हणेल? शक्यच नाही.

मी वायर ओढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. अर्धवट असताना बंद केलं तर सगळंच जाईल का? नाही केलं तरी जाणारच आहे ना? मैत्रिणीला फोन लावला, ती उचलेना. सणाचा दिवस, कोण उचलतंय! आत आई श्रीखंडासाठी वेलची कुटत होती, खलबत्त्याचा आवाज येत होता. तो थांबू नये, ती बाहेर येऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

“अगो, तू कित्याक घाबरतंस?” बाबांनी विचारलं. मी हळू आवाजात सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “सुधारणा म्हणान लिवलेला. बिघाड म्हणान नाय.” आणि पाटासमोर तसेच बसले.

गोल थांबला. सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं, रंग जरा वेगळे, अक्षरं मोठी. मी ‘मदत’वर गेले. ‘याविषयी’वर बोट ठेवलं आणि दाबवेना. रोज विचार न करता दाबायचे मी ते. ऐनवेळी नेट गेलं असेल, काहीतरी अडकलं असेल, तीनच असेल; देवा, तीनच असू दे, मी तुला नारळ फोडते, काय हवं ते करते. दाबलं.

चार होता. चार, मग एक टिंब, मग शून्य.

आवाजांच्या जागी तयार बायका आणि पुरुष ओळीने होते. आई नव्हती. खालपर्यंत जाऊन आले, पुन्हा वर आले. वाचून घेतलेली वाक्यं तेवढी वेगळी ठेवलेली होती, भेंडी स्वस्त आहे, ती सापडली. पण आई रोज काय भेंडीचा भाव सांगणार आहे का?

खलबत्ता थांबला होता. आई दारात उभी होती, पदराला हात पुसत. तिने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मला वाटतं, तिला सांगावं लागलंच नाही. ती येऊन लॅपटॉपसमोर बसली आणि तिने सगळे आवाज एकेक करून बघितले, बाजारात साडी बघतात तसे, नापसंत करत. मग तिने हात मांडीत ठेवले. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायची भीतीही वाटत होती.

पूजा झाली, कशीबशी. पानं वाढली. बाबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसलेले, हलेनात. मी हाक मारली, दोनदा. खांद्याला हात लावला तर तो झटकला. त्यांचे डोळे वाहत होते. आईने माझ्याकडे हात पसरला, लॅपटॉप दे म्हणून. एका बोटाने सावकाश टाइप केलं, थोडा वेळ थांबली आणि बटण दाबलं.

“अहो, उठा आता. जेवून घ्या,” एक बाई बातम्या द्याव्यात तशा स्वच्छ आवाजात म्हणाली.

बाबा दचकले. घाईघाईने त्यांनी डोळे पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दाराकडे बघत मला म्हणाले, “अगो, बघ गो, कोण बाई इली हा.”