सत्तावन्नावी हातोडी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात एका परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संगणक विभागात नोकरीला होते. नेमणूकपत्रावर ‘प्रोग्रॅमर’ असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात मी कागद लावणारी, रिबन बदलणारी, गळणाऱ्या एसीखाली बादली सरकवणारी आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ‘चप्पल बाहेर!’ म्हणून ओरडणारी बाई होते. रोज पेठ वडगावहून एसटीनं यायचे. रविवारी विहारात वंदना झाली की बायका कौतुकानं विचारायच्या, “कॉम्प्युटरवर नेमकं काय करतीस गं?” मी काहीतरी मोठं मोठं सांगायचे. गणितात पदवी, वर वर्षाचा डिप्लोमा, आणि सकाळपासून शाईनं काळी झालेली नखं. हे कसं सांगणार?

आमचा संगणक म्हणजे लोखंडी कपाटांसारखी तीन धुडं होती. सगळे त्याला मेनफ्रेम म्हणायचे. काटेकोरपणे बोलायचं तर तो त्याहून एक पायरी लहान होता. पण खोली भरून उरायचा, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. धुडांच्या शेजारी प्रिंटर. आइस्क्रीमच्या दुकानातल्या पेटीएवढा, आणि चालू झाला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज. त्याच्या पोटात अक्षरं कोरलेला पोलादी पट्टा गरागरा फिरायचा आणि कागदामागे एका रांगेत एकशे बत्तीस बारीक हातोड्या होत्या. ओळीतल्या प्रत्येक जागेला एक हातोडी. हवं ते अक्षर समोर आलं की त्या जागेची हातोडी टक्कन हाणायची. अशी अख्खी ओळ डोळ्याचं पातं लवायच्या आत छापून व्हायची.

निकालाचा हंगाम तोंडावर आला आणि सत्तावन्नाव्या जागेची हातोडी मेली.

पहिल्यांदा मला वाटलं रिबन वाळली. बदलली. मग वाटलं कागद सैल बसलाय. घट्ट केला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून इंजिनिअर आला. त्यानं झाकण उघडलं, टॉर्च मारला, चहा मागवला, चहा पिऊन पुन्हा टॉर्च मारला आणि म्हणाला, “हॅमर गेलाय.”

“ते मलाही दिसतंय. दुरुस्त कधी होणार?”

“पार्ट बाहेरून येतो, मॅडम. एकटा हॅमर मिळत नाही, अख्खी पट्टी मागवावी लागते. आठ आठवडे धरा.”

“निकाल तीन आठवड्यांत लावायचाय.”

“बाकीचे एकशे एकतीस चांगले आहेत की,” असं म्हणून तो चारच्या गाडीनं निघून गेला.

आमच्या निकालपत्रकाचा कागद आधीच चौकटी छापून आलेला असायचा. आसन क्रमांक, नाव, सहा विषय, बेरीज, श्रेणी. सत्तावन्नावी जागा बरोबर तिसऱ्या विषयाच्या एककावर यायची. म्हणजे कुणाला अडुसष्ट असोत की एकसष्ट, तिसऱ्या चौकटीत नुसता सहा, आणि त्याच्या पुढे मोकळी जागा. दुसरा एक छोटा प्रिंटर होता, पण त्यात हा रुंद कागद मावत नव्हता.

मी साहेबांकडे गेले. साहेब परीक्षा विभागातून बढतीवर आलेले, दहा दिवसांचा संगणकाचा कोर्स केलेले. त्या कोर्सचं प्रमाणपत्र त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. मी म्हटलं, “सर, तिसरा विषय थोडा बाजूला छापू. चौकटीबाहेर जाईल, पण आकडा तरी दिसेल.”

“नमुना समितीनं मंजूर केलाय. एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही.”

“मग समितीला विचारू.”

“समितीची बैठक दिवाळीनंतर.”

“सर, निकाल जूनमध्ये आहे.”

“म्हणूनच सांगतोय, वेळ घालवू नका. तेवढा एक आकडा हातानं भरा. आणि प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, तोही समितीनंच तपासलाय.”

हजारो मुलांचे निकाल छापायला संगणक घेतला, त्याच्यासाठी खोलीला एसी बसवला, आणि आता त्याचं उरलेलं काम पेननं करायचं! त्यांनी घंटी वाजवून पुढची फाईल मागवली.

हाताला म्हणून मला एक ज्येष्ठ कारकून दिले. सगळी कचेरी त्यांना मामा म्हणायची. संगणक येण्याआधी अठरा वर्षं निकालपत्रकं मामाच हातानं लिहीत. मोत्यासारखं अक्षर. संगणक आल्यावर त्यांना आवक-जावकला बसवलं होतं, आणि माझी खोली त्यांच्या मनातून उतरली होती. पहिल्या दिवशी ते दारात चप्पल काढून आत आले, प्रिंटरकडं बघितलं आणि म्हणाले, “एवढ्या धुडाला एक आकडा लिवता येईना व्हय?”

मी त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा सरकवला.

काम असं चालायचं: मी पडद्यावर बघून एककाचा आकडा मोठ्यानं वाचायचे, मामा काळ्या शाईनं तो चौकटीत लिहायचे. “पाच. शून्य. आठ. दोन. दोन.” एसीची घरघर, शेजारी पुढचे कागद ओकणारा प्रिंटर, आणि त्यावरून माझा चढवलेला आवाज. मामांनी दुसऱ्याच दिवशी प्रिंटरच्या आकड्यांचं वळण उचललं. त्यांचा आठ कुठला आणि मशीनचा कुठला, ते मलाही निरखून बघावं लागायचं. दुपारी वीज जायची, तेव्हा आम्ही हात चोळत बसायचो. मामा तंबाखू मळत म्हणायचे, “माझ्या दौतीला करंट लागत न्हवता, मॅडम.” दर वेळी हेच. मला राग यायचा.

निकाल वेळेवर लागला. मी दोन रात्री घरी झोपून काढल्या, तोवर तिसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी आमच्या दाराशी उभे राहिले. गृहस्थ वारणानगराकडून आले होते, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. त्यांनी न सांगताच पायताणं काढली. खिशातून घडी घातलेला कागद काढला. कॉलेजच्या फळ्यावरच्या निकालपत्रकावरून त्यांनी मुलीचे आकडे उतरवून आणले होते.

मामा माझ्या शेजारीच बसले होते. गृहस्थांनी त्यांनाच विचारलं, “पावणं, त्या तक्त्यात तिसऱ्या इषयाचा आकडा पेनानं कुणी लिवलाय?”

मामा दचकले. इतक्या दिवसांत कुणाला ओळखू आलं नव्हतं. “मी लिवलाय. का?”

“वाईट वाटून घिऊ नगा. शाई जरा चमकती, म्हणून दिसली. ही बेरीज करा बरं.”

मी बेरीज केली. तीनशे साठ. निकालपत्रकावर मशीननं छापलेली बेरीज तीनशे एकोणसाठ होती. सहाशेपैकी तीनशे साठ म्हणजे पहिला वर्ग. तीनशे एकोणसाठ म्हणजे दुसरा.

“आमी उभ्या उभ्या आकडं मिळवलं, आन् कॉलनीत पेढं वाटलं,” ते म्हणाले. “मग पोरगी म्हणाली, बाबा, कडंला सेकंड लिवलंय. आता एक सांगा. पोरीचा एक मार्क गेला कुठं?”

मी पडद्यावर मुलीचा क्रमांक काढला. तिसऱ्या विषयात छप्पन्न. मामांनी लिहिलं होतं सत्तावन्न. म्हणजे सहाचा सात झाला होता. मी ‘सहा’ म्हटलं आणि त्या गोंगाटात मामांनी ‘सात’ ऐकलं, की मीच ‘सात’ म्हटलं, हे आता कुणाला ठाऊक! आम्ही नुसती बेरीज ताडून बघितली असती तरी सापडलं असतं. तेवढं आम्ही केलं नव्हतं.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे बघा, छप्पन्नच आहेत.”

“ह्यात तुमी काय बी लिवशीला,” ते शांतपणे म्हणाले. आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं.

मामा उठले. तळमजल्यावरच्या रेकॉर्डमधून परीक्षकांच्या हातची, सहीची मूळ गुणयादी शोधून घेऊन आले. धुळीनं शर्ट माखला होता. गृहस्थांनी बोट ठेवून ओळ वाचली. छप्पन्न, अक्षरी छप्पन्न. बराच वेळ बोट तिथंच होतं.

मुलगी इतका वेळ दाराबाहेरच होती. ती तिथूनच म्हणाली, “बाबा, चला. त्या पेपरात मला येळ पुरला न्हवता. मला वाटलंच हुतं.”

गृहस्थांनी कागदाची घडी घातली. “मग बरोबर हाय,” ते म्हणाले. “पण मॅडम, एवढं मशीन आणलंय तर त्येच्याकडनंच लिवून घ्या की. आमच्यासारख्याच्या घरात उगं दोन दिवस...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पायताणं घालून दोघं जिना उतरले.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला संताप आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. साहेबांना ते कळलं. दुपारी त्यांनी मामांना मेमो दिला. ‘कर्तव्यात निष्काळजीपणा.’ मी तो वाचला आणि सरळ त्यांच्या खोलीत गेले.

“सर, आकडा मी वाचला होता. मेमो द्यायचा तर मला द्या. नाहीतर त्या हातोडीला द्या.”

“मॅडम, मशीन चुकत नाही. चुकतो तो माणूस.”

“मशीननं तर आकडाच छापला नाही, सर!”

“छापला नाही म्हणजे चुकवला नाही,” साहेब म्हणाले. हे ते गंभीरपणे म्हणाले, हसून नव्हे.

राखून ठेवलेल्या मुलांच्या पुरवणी निकालाची छपाई पुढच्या आठवड्यात होती. पुन्हा तेच वाचन, तेच लिहिणं. मी खुर्चीत बसून मोठ्यानं चरफडत होते: नमुना बदलायचा नाही, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, पट्टी येणार नाही. मामा मेमोची घडी खिशात ठेवून ऐकत होते.

“नमुना म्हंजे नेमकं काय वो?” त्यांनी विचारलं.

“कागदावर कुठला आकडा कुठे यायचा ते.”

“म्हंजे कागदावर समदं हाय तिथंच पायजे. मग कागूदच सरकवा की.”

“म्हणजे?”

“आमच्याकडं नकला काढायचं सायक्लोस्टाइलचं मशीन हुतं न्हवं? त्येच्या रुळाला एक खड्डा हुता. तिथं शाईच उठायची न्हाय. मग मी स्टेन्सिल आन् कागूद दोन्ही वाईच वर चढवायचो. खड्डा दोन वळींच्या मधी पडायचा. कुणाला पत्त्या लागला न्हाय, सात वर्षं.”

मी कोरा कागद ओढून जागा मोजल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन जागा मोकळ्या सोडायच्या आणि कागद तेवढाच उजवीकडे सरकवून लावायचा. कागदावर सगळं होतं तिथंच, समितीनं मंजूर केलं तसंच. मेलेली हातोडी दोन विषयांच्या मधल्या रेघेवर येणार, जिथं काही छापायचंच नसतं. तीन आठवडे मी ज्या भिंतीवर डोकं आपटत होते, तिला शेजारीच दार होतं. डिप्लोमात हे नव्हतं. मला स्वतःचाच इतका राग आला की आधी मी मामांनाच म्हटलं, “मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तुमी इचारलं कुठं? तुमी नुसतं ‘पाच, शून्य, आठ’ म्हणत हुता.”

प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. साहेबांना विचारलं नाही. कागद सरकवला, चिमट्या आवळल्या, छपाई सुरू केली. पहिली दोन पानं चौकटीच्या किंचित वर गेली, तिसरं बरोबर बसलं. मामांनी चष्मा लावून तिसऱ्या विषयाचा रकाना वरपासून खालपर्यंत तपासला. मग प्रत्येक मुलाची बेरीज करून बघितली, सगळ्या पानांची. मी नको म्हटलं नाही.

पुरवणी निकाल वेळेत लागला. साहेबांनी वर अहवाल पाठवला की विभागानं स्वतःच्या पातळीवर तांत्रिक अडचण सोडवली आहे. त्यात मामांचा उल्लेख नव्हता. मेमो मागे घ्यावा म्हणून मी लेखी अर्ज दिला, चूक माझ्या वाचण्यातही असू शकते असं स्पष्ट लिहून. अर्ज आवक-जावकला नोंदवून घ्यायचा होता. तो मामांनीच नोंदवला, आणि क्रमांक घालताना म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की. मेमोनं काय पोट दुखतंय व्हय?”

हातोड्यांची पट्टी आली ती दसऱ्याला. पेटी उघडली तर ती दुसऱ्याच मॉडेलची होती. इंजिनिअर म्हणाला, परत पाठवतो. पाठवली असावी.

पुढे पाच-सहा वर्षं आम्ही तो प्रिंटर तसाच तीन जागा सरकवून चालवला. मग टेबलावर मावणारे संगणक आले, आणि दोन हजार सालानंतर ती तिन्ही धुडं भंगारात निघाली. त्या आधीच मी नोकरी सोडून राजारामपुरीत संगणकाचे क्लास घेऊ लागले होते. मामा त्याच सुमारास निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मी गेले होते. साहेबांनी हार घातला, चार शब्द बोलले, मामांच्या सुंदर अक्षराचं कौतुक केलं. मी मागच्या रांगेतल्या लोखंडी खुर्चीवर बसून ऐकत होते. कार्यक्रम संपल्यावर मी साहेबांना गाठून विचारलं, “सर, त्या माझ्या अर्जाचं काय झालं?”

“कुठला अर्ज?” साहेब म्हणाले.

मी सगळं सांगायला सुरुवात केली. ते बटाटावडा खात मान डोलवत होते.