मळवलीच्या बंगल्यातला मेन स्विच

मळवलीला लोक मजा करायला जातात. मी गेले जुना मोबाईल पोचवायला.

माझा भाऊ सलीम तिथं पाहुण्यांना भाड्यानं देतात अशा एका बंगल्याची राखण करतो. त्याची पोरगी शबाना दहावी चांगल्या मार्कांनी पास झालेली, पण तिच्या मोबाईलची काच फुटली. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म त्याच दिवशी संध्याकाळी सहाला बंद होणार होता. लोणावळ्याचं कॉलेज मिळायचं तर पहिल्याच फेरीत. माझा मोबाईल कपाटात सहा महिने पडून होता. देऊ देऊ म्हणत बसले.

देहूरोडहून लोकलचं तिकीट स्वस्त, पण दुपारी मधे बराच वेळ गाडीच नसते. वेळ बघूनच निघा. मी शेंगदाणे खात फलाटावर बसले. मळवलीत रिक्षावाल्यानं दीडशे सांगितले.

"बंगला विकत न्हाई घ्यायचा, भाऊ," म्हटलं. शंभरात आला. भातखाचरं हिरवीगार होती. बघायला जीव कुठं होता!

बंगल्यापाशी मोबाईलला रेंज नाही. आत वायफाय आहे, पण पाहुणे असले तरच. ते गेले की मेन स्विच बंद करायचा, मालकाचा हुकूम. म्हणून पाहुणे आले की शबाना मागच्या पायरीवर अभ्यासाला बसते.

साडेपाचला ती माझा मोबाईल घेऊन तिथंच बसली. "फुफी, शेवटचं पान ऱ्हायलंय." तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि सलीमनं मेन स्विच पाडला.

"अब्बा!"

"या अल्ला!" त्यानं लगेच चालू केला. पण फॉर्म आता पुन्हा लॉगिन मागायला लागला. फॉर्मवर नंबर सलीमचा, म्हणून ओटीपी त्याच्या साध्या फोनवर येणार, आणि त्याला रेंज फक्त वरच्या टेकाडावर. तो पळत गेला, आकडा घेऊन धापा टाकत आला. तोवर ओटीपीची मुदत संपली. परत पळाला. परत तेच.

"तितनंच वरड की रं!" मी खेकसले.

तिसऱ्यांदा तो वरून ओरडला. आकडा बरोबर होता. सहा वाजून गेले होते.

"डोकं कुटं ठेवलंवतंस?" खाली आल्यावर मी विचारलं.

"गाडी गेली की हात जातोच, आपा. बारा वर्सं झाली."

शबाना रडली नाही. ओढणीनं मोबाईल पुसला. "च्या ठेवू का, फुफी?"

मोबाईल दिला की झालं, असं मला वाटायचं. इथं देहूरोडला माझ्या घरात वायफाय दिवसभर चालू असतं, मी मालिका बघते. तुम्ही तिकडं बंगला भाड्यानं घ्याल, तर निघण्याआधी मागच्या पायरीवर कोण बसलंय का ते बघा. पाच मिनिटं थांबलात तर तुमचं काय जातंय?

दुसऱ्या फेरीत शबानाला पिंपरीच्या पलीकडचं कॉलेज लागलं. रोज एवढ्या लांब पोर कशी धाडू, म्हणून सलीमनं अजून पाठवलेली नाही. आता पाहुणे गेले की तो स्विचपाशी थांबतो आणि हाक मारतो, "शबाना, करू का बंद?"

ती घरातूनच म्हणते, "करा."