सातवा खडक

माझी मावशी सव्वीस वर्षं बेटावरच्या जंगल-उद्यानाच्या तिकीट खिडकीत बसली आणि आत एकदाही गेली नाही. उद्यान उघडं असलं की ती खिडकीत, आणि बंद असलं की आत जायला सगळ्यांनाच मनाई. नियमाच्या बाबतीत मावशीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

पण वाट तिला तोंडपाठ होती. काचेच्या भोकातून तिकीट सरकवताना ती प्रत्येकाला सांगायची: धबधब्यापर्यंत सरळ जा, फाट्यावर डावीकडे वळा, समुद्रात सात काळे खडक दिसतील, सातही मोजल्याशिवाय परतू नका. हे ज्ञान तिला पहिल्याच आठवड्यात एका अबोल रखवालदाराने खिडकीसमोर उभं राहून हातवारे करत दिलं होतं. घरी पाहुणे आले की ती टेबलावर सात वाट्या उपड्या मांडून त्यांनाही खडक दाखवायची.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा मला फोन आला, बूट घालून ये म्हणून. पुढच्या आठवड्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर चढउताराचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे ही एकच फेरी. आपण इतकी वर्षं सांगितलं ते खरं आहे ना, एवढंच तिला बघायचं होतं.

निरोपसमारंभात मिळालेला काळा रेनकोट घालून, रखरखीत उन्हात, ती फाटकाशी हजर. नव्या कारकुनाने तिकिटावर शिक्का तिरका मारला, तो तिने पुन्हा मारून घेतला. आणि मग जी सुटली, ती मला काही आवरेना. घोरपड दिसली, तिला नमस्कार. माकडाने माझी टोपी पळवली, तर त्याला तिकीट विचारलं. धबधब्याखाली बुटांसकट उभी राहून तिने मलाही आत ओढलं. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

फाट्यावर मात्र ती थबकली. पाटीवर सात खडकांचा बाण उजवीकडे होता.

तिने मला समोर उभं केलं. तू रखवालदार, म्हणाली, उजवा हात कर. मी केला. तो तिच्या डाव्या बाजूला आला.

"अगं, मी त्याचा हात बघितला," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं लोकांची वाट लावली मी."

उजवीकडची वाट झुडपांनी गिळली होती. डावीकडची पायांनी तुडवून बैलगाडी जाईल एवढी रुंद झालेली. गुडघा एकाच वाटेपुरता उरला होता. मी म्हटलं, निदान खरे खडक तरी बघून घे. ती दगडावर बसून राहिली, डोळे भरून आले तिचे. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि डावीकडे चालू लागली. जिथे लोकांना पाठवलं, तिथे निदान माफी तरी मागते, म्हणाली.

वाट एका छोट्याशा किनाऱ्यावर उतरली. पाणी इतकं नितळ की तळाचे खेकडे दिसत होते. एक म्हातारं जोडपं घोटाभर पाण्यात उभं राहून भांडत होतं. आजींच्या मते खडक सहा होते. आजोबा सात म्हणत होते, पण त्यांचा सातवा मघाशी पोहत निघून गेला होता.

मावशीने हात जोडून सगळं कबूल केलं. आजी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"आवाज ओळखला मी. तुम्ही खिडकीतल्या ना?" त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं येतोय आम्ही. सात कधी भरतच नाहीत, म्हणून तर दर वर्षी परत यावं लागतं."

मावशी इतकी हसली की तिला उचकी लागली. हसता हसताच पाण्यात शिरली. मी गुडघा, गुडघा म्हणून ओरडत होते, पण ऐकतंय कोण. शेवटच्या खडकाशेजारी जाऊन ती पाण्यात बसली, रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली आणि पाठीचं बोचकं केलं.

"मोजा आता," ती आतून म्हणाली.

आजोबांनी बोट पुढे करून सावकाश मोजायला सुरुवात केली. पाचाला एक लाट मावशीच्या डोक्यावरून गेली. सात ऐकू येईपर्यंत ती हलली नाही.